वळणावरची कटकट: पुढच्या चाकाच्या एक्सलबद्दल तुमचे प्रश्न

शेतरस्ते वाळले आणि गाड्या पुन्हा बांधापर्यंत जाऊ लागल्या की एकाच तक्रारीची पत्रं येतात: गाडी वळवली की पुढून कटकट. म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. आधी शब्द पक्के करू. इथे एक्सल म्हणजे गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकापर्यंत जाणारा ड्राईव्ह शाफ्ट. त्याचा चाकाकडचा सांधा आउटर, गिअरबॉक्सकडचा इनर, आणि दोन्ही सांध्यांवर जे घड्यांचं काळं रबर असतं ते बूट.

प्रश्न (सेलू, जि. परभणी): माझ्याकडे २०१३ ची अल्टो आहे. आखाड्यावर गाडी पूर्ण वळवून घेताना पुढून कट-कट-कट आवाज येतो, सरळ रस्त्यावर काहीच नाही. गॅरेजवाले म्हणतात दोन्ही बाजूंचे एक्सल बदला. खरंच दोन्ही गेले असतील का?

उत्तर: दोन्ही एकाच वेळी जायला काही बंदी नाही, पण तपासल्याशिवाय पैसे टाकू नका. तुम्ही सांगता तो आवाज आउटरचाच दिसतो. त्यात सहा गोळ्या खाचांमधून फिरतात. खाचांना खड्डे पडले की वळणावर, म्हणजे सांधा जास्त वाकलेला असताना, प्रत्येक गोळी त्या खड्ड्यातून उडी मारते. तीच ही कटकट. म्हणूनच ती चाकाच्या वेगाबरोबर वाढते.

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे तोडून पहिल्या गिअरमध्ये थोडा अॅक्सिलरेटर देत एक गोल चक्कर मारा, मग तसंच उजवीकडे. डावीकडे वळताना उजवं चाक बाहेरच्या बाजूला असतं आणि भार त्याच्यावर जास्त येतो, त्यामुळे डाव्या वळणावरचा आवाज बहुधा उजव्या आउटरचा असतो. हा नियम शंभर टक्के नाही. कोणालातरी सुरक्षित अंतरावर उभं करून ऐकायला सांगा, आत बसून बाजू नीट कळत नाही.

मग टॉर्च घ्या आणि चाक पूर्ण बाहेर वळवून मागून बूट बघा. त्याच्या घड्या उघडतात आणि चीर दिसते. रिमच्या आतल्या अंगाला, लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणारा दांडा) काळं ग्रीस उडालेलं असेल तर निकाल लागलाच. बूट धड आणि कोरडा असेल तर एक्सलवर आळ घेण्याआधी बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यामधला सांधा), लिंक रॉड आणि डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा तपासा.

आवाज वळणावर नसून अॅक्सिलरेटर दाबताना गाडी थरथरत असेल तर संशय इनरवर. आणि वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं असेल तर ती बहुधा चाकाच्या बेअरिंगची, एक्सल बदलून ती जाणार नाही. आणखी एक: शाफ्ट हातात धरून आत-बाहेर सरकवला तर तो थोडा सरकतो. ते बिघाडाचं लक्षण नव्हे. चाक खाली-वर होताना शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून इनर तसाच बनवलेला असतो. हे दाखवून एक्सल बदलायला लावणारे भेटले तर हसून सोडून द्या.

प्रश्न (माजलगाव, जि. बीड): मी ट्रॅक्टरची बरीच कामं घरीच करतो. पुढच्या चाकावर चालणाऱ्या कारचा एक्सल घरी बदलता येईल का? सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा. कुठे चुकतं तेही सांगा.

उत्तर: येईल. पण दोन वस्तू नसतील तर कामाला हात घालू नका: गाडीखाली लावायच्या दोन घोड्या, आणि हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्टचं टोक आवळून धरणारा मोठा नट) उघडायला लांब दांड्यासह बसणारी गोटी, म्हणजे सॉकेट. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर घट्ट उभा असतो, कारचं तसं नसतं.

सामान आधी जमवा: त्या बाजूचा नवा एक्सल, नवा हब नट, त्या बाजूचं गिअरबॉक्सचं ऑइल सील आणि गिअर ऑइल. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच घ्या. हातानं गिअर टाकायच्या पुष्कळ छोट्या गाड्यांना ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं लागतं. जीएल-५ म्हणजे एक पायरी वरचं, म्हणून जास्त चांगलं, असं समजून टाकू नका. त्यातली रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना सोसत नाहीत. अशा गाड्यांत साधारण दोन ते अडीच लिटर ऑइल बसतं, तीन लिटर आणून ठेवा. पूर्ण ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी गाडी असेल तर हे काम घरी नको. तिथलं ऑइल वेगळं, ते भरण्याची पद्धतही वेगळी.

हत्यारांत हब नटाची गोटी (गाडीनुसार बहुधा ३० किंवा ३२ मिमी), एक मीटरभर जाड पाइप, साधे पाने, छिन्नी, हातोडा, लाकडी गुटका, टॉमी, लोअर आर्म दाबायला पहार, आणि ऑइल धरायला पाटी.

जागा सिमेंटची हवी. काळ्या मातीवर जॅक बसतो आणि नेमका अर्ध्या कामात बसतो. अंगणात शहाबादी फरशी असेल तर तीही भरवशाची नाही, जॅकच्या टोकाखाली ती तडकते. दोन इंच जाडीची फळी टाका. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके किंवा दगड लावा आणि हँडब्रेक ओढा. एक्सल बाहेर काढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून थांबत नाही, कारण डिफरन्शियलची (गिअरबॉक्समधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) एक बाजू मोकळी झालेली असते. त्या वेळी आधार हँडब्रेकचा आणि गुटक्यांचाच.

आता क्रम. सगळ्यात आधी गिअरबॉक्सचा भरण्याचा प्लग थोडा सैल होतो का ते बघा. तो गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालचा प्लग उघडून ऑइल सोडून बसलात, तर गाडी गॅरेजपर्यंत नेताही येणार नाही.

हब नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करायचा. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचला. काही गाड्यांत तिथे स्प्लिट पिन असते, ती काढा. एकाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पाइप लावून नट अर्धा-एक फेरा सैल करा. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन्ही बाजूंना सरळ आटेच असतात. नट सैल झाल्यावर गाडी एक फूटही ढकलू नका. चाकाचं बेअरिंग या नटाच्या दाबानेच एकत्र धरलेलं असतं. दाब नसताना वजनाखाली चाक फिरलं की बेअरिंग खराब होतं, आणि आवाज यायला लागतो तो दोन महिन्यांनी, म्हणजे तोवर कारण विसरलेलं असतं.

चाकाचे नट सैल करून गाडी उचला. पुढच्या दोन्ही बाजू उचलून दोन्हीकडे घोड्या लावा. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार दुसऱ्या बाजूच्या वजनाने लोअर आर्म वर ओढून धरतो आणि बॉल जॉइंट काही केल्या सुटत नाही. घोडी चॅसिसच्या ठरलेल्या जागेखाली लावा. ऑइल पॅनखाली किंवा पत्र्याखाली नको.

चाक काढा, गिअर ऑइल पाटीत सोडा. चुंबक असलेल्या प्लगवर राखाडी लोण्यासारखा थर असणं नेहमीचं आहे. बोटाला टोचतील असे तुकडे आले तर मात्र गिअरबॉक्सच दाखवावा लागेल.

आता नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग, मोकळा करायचा. बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांड्यावरच्या खाचेतून गेलेला असतो. अनेकजण बोल्ट सैल करून तासभर पहार मारत बसतात ते इथेच. बोल्ट काढा, फटीत छिन्नी हलकी सरकवून ती किंचित उघडा आणि पहारीने लोअर आर्म खाली दाबा. बॉल जॉइंटच्या रबराला पहार लागू देऊ नका. शॉकअपचे दोन बोल्ट काढूनही नकल सुटतो, पण मग चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कल, बिघडू शकतो आणि अलाइनमेंट करावी लागते. बॉल जॉइंटचा मार्ग बरा.

नकल बाहेर ओढताना ब्रेकची होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना याकडे सतत लक्ष ठेवा. हब नट शाफ्टच्या टोकाला सपाट होईपर्यंत आट्यांवर ठेवा, वर लाकडी गुटका धरा आणि ठोका. उघड्या टोकावर हातोडा मारला तर आटे पसरतात आणि तो एक्सल परत कुठेच बसत नाही. दाते गंजले असतील तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

चाकाकडचं टोक सुटलं की शाफ्ट लोंबकळत सोडू नका, तारेनं वर बांधा. आता गिअरबॉक्सकडची बाजू. तिथे टोकावर एक छोटं सर्कलिप लॉक धरून बसलेलं असतं. टॉमी गिअरबॉक्सची भिंत आणि इनरची वाटी यांच्यामध्ये घालून एक झटका द्या, जागा बदला, पुन्हा एक झटका. सीलच्या जागेवर टॉमी टेकवू नका, तिथलं ॲल्युमिनियम मऊ असतं. शाफ्ट धरून बाहेर ओढायचा मोह अजिबात नको. वाटी गिअरबॉक्समध्येच राहते आणि इनरचे तीन रोलर आत सुटतात, बूटही फाटतो. थोडं ऑइल गळेल, पाटी तिथेच राहू द्या.

दोन्ही बाजूंचं काम असेल तर एक बाजू पूर्ण जोडल्याशिवाय दुसरी काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट बाहेर आले की आतले डिफरन्शियलचे गिअर जागेवरून सरकतात आणि मग गिअरबॉक्स खोलण्यावाचून इलाज राहत नाही.

नवा एक्सल जुन्याच्या शेजारी ठेवून लांबी मोजा, दोन्ही टोकांचे दाते मोजा, टोकाचे आटे बघा. आउटरवर एबीएसची दातेरी रिंग जुन्यावर असेल तर नव्यावरही हवीच. मारुतीच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स डाव्या अंगाला असल्याने डावा शाफ्ट आखूड आणि उजवा लांब असतो. दुकानात घाईत नेमकी हीच अदलाबदल होते.

जुनं सील काढून जागा पुसा. नवं सील मोठ्या गोटीने किंवा पाइपच्या तुकड्याने चारी बाजूंनी सारखं ठोकत बसवा. ओठाला थोडं ग्रीस लावा. नव्या एक्सलवर सर्कलिप आहे ना ते बघा. शाफ्ट आडवा, सरळ रेषेत धरून सावकाश आत सरकवा. दात्यांनी सीलचा ओठ खरवडला की सगळं काम परत करावं लागेल. दाते जुळले की एक जोराचा धक्का. लॉक बसल्याचा टक् आवाज हातालाही जाणवतो. खात्री करायला इनरची वाटी धरून ओढा. शाफ्ट नव्हे, वाटी.

चाकाकडच्या दात्यांना ग्रीसचा पुसट हात फिरवून टोक हबमध्ये घाला, बॉल जॉइंट बसवा, त्याचा बोल्ट खाचेतून पार गेला का बघा आणि आवळा. नवा हब नट हाताने फिरवत घ्या, जागेवर टेकेपर्यंत. जुना नट पुन्हा वापरू नका. एकदा कड वाकलेला नट नीट धरत नाही.

चाक बसवा, गाडी जमिनीवर घ्या, ब्रेक दाबून धरा आणि हब नट आवळा. किती, ते गाडीच्या पुस्तकात असतं. छोट्या गाड्यांत ते साधारण १७५ ते २५० न्यूटन-मीटरच्या घरात असतं. टॉर्क रेंच भाड्याने किंवा ओळखीने मिळवा. नाहीच मिळाला तर कापूस मोजायचा ताणकाटा कामी येतो: नटापासून बरोबर एक मीटरवर पाइपला काटा अडकवा आणि पाइपशी काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो म्हणजे जवळपास २०० न्यूटन-मीटर. पण पाइपवर उभं राहून आवळू नका. साठ किलोचा माणूस एक मीटरच्या टोकावर उभा राहिला की तेच माप ५९० च्या आसपास जातं. घट्ट म्हणजे चांगलं, हा हिशोब इथे बेअरिंगच्या जिवावर उठतो. माप लागलं की कड खाचेत ठोका. स्प्लिट पिनचा नट असेल आणि भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत थोडं आणखी आवळा. मागे सैल करून जुळवायचं नाही.

शेवटी ऑइल. गाडी चारी बाजूंनी सपाट असली पाहिजे. अर्धवट उचललेल्या गाडीत भरलं तर माप चुकतं. भरण्याच्या भोकाच्या काठाशी ऑइल येऊन थेंब पडू लागले की थांबा. चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, समोरासमोर जोड्या धरून. गावात एक चक्कर मारून सीलखाली कागद ठेवून बघा, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा. जुनं ऑइल बांधावर किंवा नालीत ओतू नका. गॅरेजमध्ये द्या, तिथून ते विकत नेणारे येतात.

पहिल्यांदा करत असाल तर अख्खा दिवस धरा.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर): सर्व्हिसिंगला आउटरचा बूट चिरलेला सापडला, पण आवाज अजिबात नाही. नुसता बूट बदलून चालेल का? आणि बूट फाटतोच का?

उत्तर: चालेल, आणि हीच वेळ आहे. चीर पडल्यापासून आवाज सुरू होईपर्यंत जे दिवस मिळतात त्यात काम केलं तर खर्च काही शे रुपयांचा. नंतर काही हजारांचा. आवाज सुरू झाल्यावर मात्र बूट आणि ग्रीस घालून काही उपयोग नाही. लोखंडात पडलेला खड्डा ग्रीस भरून काढत नाही.

फाटण्याची कारणं आपल्याकडे ठळक आहेत. तुरीची धसकटं आणि कापूस काढल्यावर राहिलेले पऱ्हाटीचे खुंट सुरीसारखे टोकदार असतात. गाडी रानातून नेली की ते खालून बूट चिरतात. काळी माती घड्यांमध्ये भरते, वाळून खड्यासारखी कडक होते आणि चाक वळताना रबर घासते. उसाचं पाचट, सुतळी, तारेचे तुकडे शाफ्टला गुंडाळले जातात. आणि चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीचं जुनं रबर घड्यांच्या तळाशी तडकतं. रानातून आल्यावर पाण्याचा पाइप चाकामागे धरून माती धुवायची सवय ठेवा. प्रेशर वॉशरचा नोझल मात्र बुटाच्या क्लिपवर जवळून मारू नका.

बदलताना एक गोष्ट महत्त्वाची. अनेक मारुती गाड्यांत आउटर शाफ्टपासून सुटा करायचा नसतो. आउटरचा बूट घालायला इनर उघडावा लागतो आणि बूट त्या टोकाकडून सरकवत आणावा लागतो. आउटरवर हातोडा चालवण्याआधी हे माहीत करून घ्या. इनर उघडताना वाटी, तीन रोलरचा भाग आणि शाफ्ट यांवर रंगाची एक रेघ मारा, जोडताना ती जुळली पाहिजे. खुणेसाठी ठोकून टिंब पाडू नका. रोलरवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर आतल्या सुया अंगणभर होतात.

सगळं जुनं ग्रीस काढा. लोखंडी भाग रॉकेलमध्ये धुवून पूर्ण वाळवा. रबराला रॉकेल लावू नका, ते फुगतं. गोळ्यांच्या खाचांवर बोट फिरवा. खड्डा लागला तर थांबा, एक्सलच बदला. किटबरोबर येणारी ग्रीसची पुडी पूर्ण वापरा, अर्धी सांध्यात दाबून आणि उरलेली बुटात. त्याहून जास्त भरू नका, गरम झाल्यावर बूट फुगतो आणि क्लिप निसटते. बेअरिंगचं पिवळं किंवा चॅसिसचं ग्रीस इथे चालत नाही, मोली ग्रीसच हवं. क्लिप आवळण्याआधी बुटाच्या तोंडात बारीक पेचकस घालून आतली हवा सोडा. हवा अडकली की बूट एका बाजूला दबून राहतो.

क्लिपऐवजी प्लॅस्टिकची पट्टी लावणारे बरेच आहेत. ताशी ८० ला हा शाफ्ट मिनिटाला साडेसातशे-आठशे फेरे घेतो, आणि आतलं ग्रीस तितक्याच जोराने बाहेर ढकललं जातं. ती पट्टी फार दिवस धरत नाही. एक्सल न काढता बसवायचे, चिकटवायचे, उभी फट ठेवलेले बूटही मिळतात. अडचणीच्या वेळी गाव गाठायला ठीक, त्यापुढे नाही.

प्रश्न (अंबड, जि. जालना): हब नट काही केल्या सुटत नाही. पाइप वाकला. गरम करून बघू का?

उत्तर: गरम करू नका. त्याच्या मागे बेअरिंगचं ग्रीस आणि रबरी सील आहे, ते आधी जळेल. कड पूर्ण उचलली गेली आहे का ते बघा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग स्प्रे मारून रात्रभर ठेवा. गोटी सहा बाजूंची, जाड आणि पूर्ण आतपर्यंत बसलेली हवी. बारा बाजूंची गोटी नटाचे कोपरे खाते. तरीही नाही जमलं तर गाडी चाकांवर उभी असताना टायरवाल्याकडे जाऊन हवेच्या गनने नट सोडवा आणि तिथल्या तिथे माप लावून परत आवळून घरी आणा. सैल नटाने घरी यायचं नाही.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली): एक्सल नवा टाकून आठवडा झाला. गिअरबॉक्सच्या त्या बाजूने ऑइल ठिबकतं. सीलही नवं घातलं होतं. मेकॅनिक म्हणतो चालवा, बसेल जागेवर.

उत्तर: सील आपोआप जागेवर बसत नसतं. तीन शक्यता बघा. शाफ्ट आत घालताना दात्यांनी ओठ कापला असेल. ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. सील तिरकं ठोकलं गेलं असेल, तर ते एका बाजूने वर दिसेल. किंवा शाफ्ट पूर्ण आत गेलाच नसेल आणि लॉक बसलं नसेल. वाटी आणि गिअरबॉक्स यांतली फट दुसऱ्या बाजूच्या फटीशी ताडून बघा. या तिसऱ्या प्रकारात गाडी चालवणं धोक्याचं, शाफ्ट बाहेर येऊ शकतो. नवं सील दुसऱ्यांदाही गळायला लागलं तर शाफ्टची जिथे सील टेकतं ती जागा बघा, तिथे नखाला लागेल अशी चरी असेल. आणि गिअरबॉक्सचा हवा सोडायचा छोटा ब्रीदर मातीने बुजला असेल तर आतला दाब चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर काढतो. गळती थांबेपर्यंत दर दोन दिवसांनी ऑइलची पातळी बघत राहा.

प्रश्न (कंधार, जि. नांदेड): उजवा एक्सल नवा टाकला, तरी ८० च्या पुढे गाडी थरथरते. माल खराब आहे का?

उत्तर: असू शकतो, पण आधी एवढं करा. थरथर सुरू झाली की अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी न्यूट्रल करू नका. थरथर लगेच कमी झाली तर भार पडल्यावर होणारा बिघाड आहे: इनर, किंवा इंजिनचं तुटलेलं माउंट. माउंट बसलं की इंजिन एका बाजूला झुकतं आणि इनर चुकीच्या कोनात फिरत राहतो, मग एक्सल कितीही नवा असो. पाय काढूनही थरथर तशीच राहिली तर बहुधा चाकांचं बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. डाव्या इनरलाही विसरू नका, बदलला आहे तो उजवा.

प्रश्न (भूम, जि. धाराशिव): इकोचा पुढचा एक्सल घरी बदलायचा आहे.

उत्तर: इकोच्या पुढच्या चाकांना असा एक्सल नसतो. ती मागच्या चाकांवर चालते. ओम्नी, बोलेरो, टाटा एस, सगळ्यांचं तसंच. पुढून कटकट येत असेल तर बॉल जॉइंट आणि बेअरिंग बघा. गिअर टाकताना खालून खट्ट वाजत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, गेलेला असेल.

प्रश्न (गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर): एका बाजूचा एक्सल वाटेत तुटला तर दुसऱ्या चाकाच्या जोरावर गाडी घरी आणता येईल का?

उत्तर: नाही. डिफरन्शियल सगळी ताकद मोकळ्या बाजूला सोडून देतं. तुटलेला शाफ्ट गरगर फिरतो आणि धड चाक जागचं हलत नाही. ओढून नेतानाही चाकाकडचा तुकडा हबमध्ये नटाने आवळलेलाच राहू द्या, बेअरिंगला त्याचा आधार लागतो. गिअरबॉक्सकडचा मोकळा तुकडा ब्रेकच्या होजला लागणार नाही असा बांधा, किंवा पुढची चाकं उचलून नेणारी गाडी बोलवा. तीच खरी सोय.

प्रश्न (लातूर): नवा महाग वाटतो. रिकंडिशन एक्सल घेऊ की भंगार बाजारातला जुना? एक मिस्त्री म्हणतो डावा आउटर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून देतो, आवाज जाईल.

उत्तर: मिस्त्री खोटं बोलत नाही. गाडी बहुतेक वेळ पुढेच चालते, म्हणून खाचांची एकच बाजू झिजते. बाजू बदलली की गोळ्या न झिजलेल्या अंगावर टेकतात आणि आवाज काही काळ जातो. पण हे जमतं फक्त जिथे आउटर सुटा निघतो आणि दोन्हीकडचे एकसारखे असतात तिथे. गाडी विकायच्या आधी हे करून घेणारेही आहेत. जुनी गाडी घेणाऱ्यांनी बूट आणि क्लिप चकचकीत नव्या दिसल्या तर एकदा मैदानात गोल चक्कर मारून बघावी.

रिकंडिशनमध्ये बऱ्याचदा नुसते बूट-ग्रीस नवे आणि वर काळा रंग असतो. विकणाऱ्याला खाचा घासून मोठ्या गोळ्या घातल्या आहेत का ते विचारा. उत्तर नीट आलं नाही तर पुढचं दुकान बघा. भंगारातला घ्यायचा असेल तर बूट अखंड असलेला घ्या. आउटर हाताने पूर्ण वाकवून फिरवा, कुठेही अडकता किंवा खडबड करता कामा नये. शाफ्ट स्थिर धरून आउटर उलट-सुलट फिरवताना टक् असा मोकळेपणा जाणवला तर तो खाली ठेवा. धड जुना मूळ कंपनीचा एक्सल आणि अनोळखी पाकिटातला स्वस्त नवा यांत निवडायचं झालं, तर आम्ही जुना घेऊ आणि त्याला नवे बूट घालू.

मूळ कंपनीचाच एक्सल असल्याची खात्री करायला दाते मोजा, वजन हातात तोलून बघा, आणि आउटरवरची कोरलेली खूण तुमच्या जुन्या एक्सलवरच्या खुणेशी जुळवा. म्हणून दुकानात जाताना जुना एक्सल पोत्यात गुंडाळून बरोबर न्या. आणि बिलावर दुकानदाराकडून बाजू लिहून घ्या, डावा की उजवा.